रोजकीर्द आणि खतावणी : औषधविक्रीच्या नोंदींची एक कथा

जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत दोन वह्या असत. ज्यांच्या घरी दुकानदारी होती त्यांना त्या अजून आठवत असतील. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरत. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या-त्याच्या खात्यावर वाटून मांडले जात. नोंद तीच, रक्कम तीच. परंतु रोजकीर्द वाचणाऱ्याला दिवस कळतो आणि खतावणी वाचणाऱ्याला माणूस कळतो. सावकाराच्या दुकानात कुळाची नजर कोणत्या वहीकडे जात असेल, हे सांगायला नको.

औषधांच्या दुकानात संगणक आला त्याची हकीकत बहुधा वेगाची हकीकत म्हणून सांगितली जाते. बिल चटकन निघते, साठा कळतो, मुदत संपलेल्या औषधांची यादी एका कळीवर समोर येते. हे सारे खरेच आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला मजकुराबरोबर त्याची मांडणी आणि त्याचा वाचकही पाहायची सवय असते, आणि त्या सवयीने पाहिले तर या हकीकतीत दुसरेच काही दिसू लागते. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत औषधविक्रीची नोंद फारशी बदललेली नाही. कोणी, केव्हा, काय, किती नेले, कोणाच्या सांगण्यावरून नेले, एवढाच तिचा मजकूर. बदलली ती मांडणी. आणि मांडणी बदलताच वाचक बदलला.

आरंभ विषापासून करावा लागतो. इंग्लंडमध्ये १८५१ साली सोमलाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. सोमल तोवर उंदीर मारण्यासाठी किराणा मालासारखा विकला जात होता. कायद्याने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. किरकोळ विकल्या जाणाऱ्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी, म्हणजे तो साखरेत वा पिठात लपणार नाही. आणि विक्रेत्याने एका वहीत विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव, पत्ता, प्रयोजन लिहून त्याची सही घ्यावी. ही वही म्हणजे शुद्ध रोजकीर्द होती.

तिचे सामर्थ्य काय होते आणि कोठे संपत होते हे सहा वर्षांनी ग्लासगोच्या एका प्रकरणात दिसले. मॅडेलिन स्मिथ ही सुखवस्तू घरातील तरुणी. तिचा प्रियकर एमिल लांजेलिए मार्च १८५७ मध्ये सोमलाने मेला. तिने त्याला लिहिलेली पत्रे सापडली, आणि औषधविक्रेत्यांच्या वह्यांत तिच्या सह्याही सापडल्या. २१ फेब्रुवारी, ६ मार्च आणि १८ मार्च. प्रयोजनाच्या रकान्यात बाग आणि उंदीर. एका दुकानातील सोमलात काजळी होती, दुसऱ्यातील सोमलात नीळ. पत्रांचा पुरावा भावनांचा आणि वह्यांचा पुरावा तारखांचा, असा तो खटला होता. साहित्याच्या वर्गात पत्रांवरच तास संपेल. न्यायालयात मात्र वह्यांचे महत्त्व कमी नव्हते. लांजेलिएचे पहिले आजारपण १९-२० फेब्रुवारीच्या सुमाराचे होते, आणि सिद्ध झालेली पहिली खरेदी त्यानंतरची. त्या पहिल्या आरोपातून ती निर्दोष सुटली; उरलेल्या दोन आरोपांबाबत स्कॉटलंडच्या खास पद्धतीचा ‘सिद्ध झाले नाही’ हा निर्णय आला. वहीने तिला गोवले आणि वहीनेच अंशतः सोडवले. तारखांच्या क्रमाने लिहिलेली नोंद असा निःपक्षपातीपणा दाखवू शकते, कारण ती लिहिताना पुढे कोणाची कथा सांगायची आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

विषाच्या वहीनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे दप्तर आले, तेही याच वळणाचे. चिठ्ठीला अनुक्रमांक द्यायचा, ती क्रमाने ठेवायची. अमुक बाईंना गेल्या वर्षभरात कोणकोणती औषधे दिली, असे कोणी विचारले तर उत्तर त्या गठ्ठ्यातच असे, परंतु ते शोधायला वर्षभराचा गठ्ठा चाळावा लागे. आणि विचारणार तरी कोण? अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या १९५२ च्या आचारसंहितेनुसार चिठ्ठीतील औषधाचा गुण काय, त्यात काय आहे, याची चर्चा विक्रेत्याने रुग्णाशी करायची नव्हती. विचारलेच तर डॉक्टरकडे बोट दाखवायचे. ज्याला बोलायचेच नाही त्याला माणसाची ओळख ठेवण्याचे कारण काय?

हा क्रम मोडणारा पहिला माणूस संगणकवाला नव्हता. व्हर्जिनिया राज्यातील बेरीव्हिल नावाच्या लहान गावात यूजीन व्हाइट यांचे औषधांचे दुकान होते. त्या काळच्या अमेरिकन रिवाजाप्रमाणे त्यात सोडा-सरबताचा कट्टा होता, किरकोळ वस्तूंच्या मांडण्या होत्या. १९६० साली व्हाइट यांनी हे सारे काढून टाकले आणि दुकानाचे रूपांतर एखाद्या डॉक्टरच्या खोलीसारख्या कार्यालयात केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी प्रत्येक कुटुंबासाठी एक कार्ड सुरू केले. त्यावर कोणाला काय दिले, कोणते औषध कोणाला सोसत नाही, हे लिहिलेले असे. नवी चिठ्ठी आली की आधी कार्ड काढायचे, मग औषध. दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी एकमेकांना न कळता एकाच माणसाला दिलेली दोन औषधे परस्परांना मारक ठरणार असतील, तर ते कळण्याची जागा गावात एकच उरते, ती औषधाचे दुकान. आणि तेही खाते मांडलेले असेल तरच. रोजकीर्दीतून खतावणीकडे जाण्याचे पाऊल असे पुठ्ठ्याच्या कार्डांवर, आणि निखळ काळजीपोटी पडले. व्हाइट यांच्या व्यवसायबंधूंनी या प्रकाराकडे आरंभी संशयाने पाहिले असेल तर त्यात नवल नाही. आचारसंहितेतील ते कलम बदलायला १९६९ उजाडले.

व्हाइट यांच्या खतावणीचा वाचक खतावणी लिहिणाराच होता, आणि ज्याचे खाते तो माणूस समोर उभा होता, हे येथे लक्षात ठेवावे. पुढच्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी सुटतात.

न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १९७० साली अमली पदार्थविषयक कायद्यांचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. चोरलेल्या चिठ्ठ्या, खाडाखोड केलेल्या चिठ्ठ्या, एकाच चिठ्ठीवर पुन्हापुन्हा औषध देणारे दुकानदार, पाच डॉक्टरांकडून पाच चिठ्ठ्या मिळवणारे व्यसनी, हवी तितकी औषधे लिहून देणारे डॉक्टर, यांपैकी काहीच पकडता येत नाही असे आयोगाला आढळले. कसे पकडणार? प्रत्येक दुकानात रोजकीर्द होती, खतावणी कोठेच नव्हती. १९७२ च्या कायद्याने ती निर्माण केली. अफूपासून बनलेली औषधे, कोकेन, मेथाडोन, अँफेटामिन अशा दुसऱ्या अनुसूचीतील औषधांची चिठ्ठी तीन प्रतींत लिहायची. एक प्रत डॉक्टरकडे, एक दुकानात आणि तिसरी ऑल्बनी या राजधानीच्या शहरी, आरोग्य खात्याकडे. प्रतीवर डॉक्टर, दुकान, औषध आणि मात्रा यांच्यासह रुग्णाचे नाव, पत्ता आणि वय. १ एप्रिल १९७३ पासून हा कायदा अमलात आला.

ऑल्बनीतील ती खोली कशी होती याचे वर्णन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे, आणि कादंबरीकाराने हेवा करावा इतके ते तपशीलवार आहे. दरमहा सुमारे एक लाख चिठ्ठ्या येत. त्या लावून, त्यांना सांकेतिक क्रमांक देऊन, त्यांची नोंद करून दुसऱ्या खोलीत नेत. तेथे मजकूर चुंबकीय फितींवर चढवला जाई. कागद परत येत, तिजोरीत पाच वर्षे राहत आणि मग नष्ट केले जात. चिठ्ठ्यांच्या खोलीभोवती कुलूपबंद तारेचे कुंपण आणि धोक्याची घंटा होती. फिती कुलपाच्या कपाटात असत. त्या चालवताना संगणकाचा बाहेरच्या कोणत्याही यंत्राशी संबंध ठेवला जात नसे. सतरा कर्मचारी या नोंदी पाहू शकत; चोवीस तपासनीस नेमलेले होते. नाव फोडणाऱ्याला एक वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड. एवढ्या जामानिम्यानंतर पहिल्या वीस महिन्यांत विशिष्ट रुग्णाच्या अतिवापराचा तपास या नोंदींवरून झाला तो दोन प्रकरणांत.

कायदा लागू होण्याच्या काही दिवस आधीच काही रुग्ण, काही डॉक्टर आणि डॉक्टरांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या. आरोग्य आयुक्तांचे आडनाव व्हेलन, म्हणून हा खटला ‘व्हेलन विरुद्ध रो’ या नावाने ओळखला जातो. यातला रो कोणी नाही. नाव गुप्त ठेवू इच्छिणाऱ्यासाठी अमेरिकन न्यायालयांत वापरले जाणारे ते टोपणनाव आहे. नाव नोंदवण्याविरुद्धच्या खटल्यात नाव न सांगता उभे राहण्याची मुभा होती, यातला विनोद वकिलांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

साक्षी मात्र विनोदी नाहीत. आपल्या मुलांवर कायमचा शिक्का बसेल अशी भीती दोन पालकांनी सांगितली. एका मुलाचे औषध त्या भीतीने बंदच केले होते. लक्ष जागेवर राहत नाही अशा मुलांना अँफेटामिनच्या वर्गातील औषधे देतात, हे ठाऊक असले म्हणजे या साक्षीचा अर्थ उलगडतो. तीन प्रौढ रुग्णांनी नाव फुटण्याची धास्ती सांगितली. त्यांपैकी एक जण आता औषध दुसऱ्या राज्यातून आणत होता. चार डॉक्टरांनी रुग्णांच्या चेहऱ्यावरचा धक्का आणि भय पाहिल्याचे सांगितले. एकाने तर ही औषधे लिहून देणेच सोडले. ही सगळी माणसे निकालपत्राच्या तळटीपेत आहेत. त्याच तळटीपेत पुढे हेही नमूद आहे की दरमहा एक लाखाहून अधिक रुग्ण हरकत न घेता औषधे घेतच आहेत. तळटीपेतल्या तराजूचे हे दुसरे पारडे.

दुसऱ्या राज्यातून औषध आणणारा तो माणूस मला परका वाटला नाही. माझ्या लहानपणी आईच्या गोळ्या आणायला वडील महिन्यातून एकदा एस. टी. ने शेजारच्या तालुक्याच्या गावी जात. आमच्या गावात औषधांची दोन दुकाने होती. गोळ्या झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या होत्या, एवढे मला नंतर कळले. तोवर त्या आमच्याकडे मिळत नसाव्यात अशीच माझी समजूत होती. कॉलेजात असताना एकदा विचारले, तर वडील म्हणाले, “मिळतात की.” त्यापुढे ते काही बोलले नाहीत. आमच्या गावच्या दुकानात संगणक नव्हता. खतावणी होती ती दुकानदाराच्या डोक्यात, आणि तिला कुलूप नव्हते.

कनिष्ठ न्यायालयाने १९७५ साली रुग्णांची नावे नोंदवण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरवला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : राज्याला प्रयोग करून पाहण्याचा अधिकार आहे, माहिती फुटू नये यासाठीची व्यवस्था पुरेशी दिसते, आणि डॉक्टर, इस्पितळे, विमा कंपन्या यांना आजाराची माहिती देणे हा आधुनिक वैद्यकाचा भागच आहे. मात्र संगणकात साठत चाललेल्या अफाट वैयक्तिक माहितीतील धोका आपल्याला दिसत नाही असे नाही, हेही त्यांनी शेवटी लिहून ठेवले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी स्वतंत्र मतात आणखी एक पाऊल टाकले. केंद्रीय साठवण आणि सहज उपलब्धता यांमुळे दुरुपयोगाची शक्यता कैक पटींनी वाढते, आणि पुढेमागे या तंत्राला लगाम घालावा लागणारच नाही असे आज म्हणता येणार नाही, असा त्यांचा आशय होता.

माझ्या मते न्यायालयाने खोली मोजली, मांडणी मोजली नाही. कुंपण, घंटा, कपाट, सतरा माणसे या सर्व गोष्टी नोंद चोरीला जाऊ नये म्हणून आहेत. तळटीपेतल्या पालकांची भीती चोरीची नव्हती. आपल्या मुलाच्या नावाचे खाते उघडले गेले आहे, एवढ्यानेच ते भ्यायले होते. राज्याची बाजूही हलकी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पाच डॉक्टरांकडे जाणारा माणूस खतावणीवाचून दिसतच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांच्या व्यसनाने अमेरिकेत पुढे जो हाहाकार उडाला, तो पाहता ऑल्बनीच्या खोलीत चुकीचा प्रश्न विचारला गेला असे कोणी म्हणणार नाही. फक्त चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरने लिहिण्यापूर्वी ही खतावणी उघडून पाहिलीच पाहिजे, असे बंधन न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली आले. तोवर चाळीस वर्षे गेली होती. मार्च २०१६ पासून तर चिठ्ठीही संगणकावरूनच पाठवणे तेथे सक्तीचे झाले.

दरम्यान दुकानांतील संगणकाने व्हाइट यांचे कार्ड गिळले होते. १९९० च्या एका संघीय कायद्याने, गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतील रुग्णांबाबत, औषध देण्यापूर्वी जुनी औषधे तपासणे, रुग्णाची नोंद ठेवणे आणि त्याला समजावून सांगण्याची तयारी दाखवणे या गोष्टी बंधनकारक केल्या. १९९३ च्या जानेवारीपासून त्या लागू झाल्या. बेरीव्हिलची वैयक्तिक रीत देशाचा नियम झाली. पण नियम झाल्यावर काय होते पाहा. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाबरोबर घेतले तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो, हा इशारा १९९२ पासून औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत होता. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वॉशिंग्टनमधल्या ५० दुकानांत या दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र दिल्या गेल्या. १६ दुकानांनी चकार शब्द न काढता दोन्ही औषधे हाती ठेवली. टर्फेनाडिन १९९८ मध्ये बाजारातून गेले. कार्ड काढून पाहणारा माणूस आणि पडद्यावर येणारा इशारा यांत हा फरक राहतोच; दिवसाला शंभर इशारे पाहणाऱ्याचे बोट सवयीने पुढच्या कळीवर जाते. कंटाळून पेपर तपासणाऱ्या आपणा मास्तरांना हे निराळे सांगायची गरज नाही.

याच नोंदींची तिसरी खतावणीही आहे, आणि तिच्याबद्दल रुग्णांना क्वचितच कल्पना असते. अमेरिकेतील दुकाने आपल्या नोंदींतून रुग्णाचे नाव वगळून आणि डॉक्टरचे नाव ठेवून त्या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना विकत असत. त्यातून डॉक्टरवार खाते तयार होई : अमुक डॉक्टर कोणत्या कंपनीचे औषध किती लिहितो. औषध कंपनीचा प्रतिनिधी दारात येई तेव्हा हे खाते वाचून आलेला असे. व्हरमाँट राज्याने २००७ साली कायदा करून डॉक्टरच्या संमतीवाचून या विक्रीला आणि वापराला आडकाठी केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. माहितीची देवाणघेवाण हे अभिव्यक्तीचेच अंग असून राज्याने ठरावीक बोलणाऱ्यांवर आणि ठरावीक मजकुरावर निर्बंध घातला, असे त्याचे कारण. विषाच्या वहीतील रकान्यांपासून निघालेली नोंद येथे भाषणस्वातंत्र्याच्या आश्रयाला येऊन पोचते. ज्या माणसाच्या खोकल्यामुळे ती नोंद जन्मली, त्याला या वादात बोलायला जागाच नव्हती.

आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांनी दुकानदाराला चिठ्ठ्यांची वही किंवा बिलपुस्तक ठेवायला सांगितले, तेही तारखेच्या क्रमाने. मार्च २०१४ मध्ये अनुसूची ‘एच-१’ अमलात आली. तिच्यात ४६ औषधे होती : क्षयावरील औषधे, वरच्या श्रेणीची प्रतिजैविके, काही सवय लावणारी औषधे. यांच्यासाठी वेगळी वही, तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण. वही तीन वर्षे जपायची. ही अजून रोजकीर्दच आहे, आणि तिचा वाचक औषध निरीक्षक. परंतु मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोग्याची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी डॉक्टर आणि प्रयोगशाळांबरोबर औषधविक्रेत्यांवरही टाकली, आणि ती टाळणे त्या वेळच्या दंडसंहितेच्या २६९ व २७० कलमांखाली शिक्षेस पात्र ठरवले. ‘निक्षय’ या संगणक प्रणालीत रुग्णाच्या नावाचे खाते उघडते. औषध मध्येच सोडणाऱ्याला शोधून काढायचे तर असे खाते हवेच. क्षयाची औषधे अर्धवट सोडण्याचे परिणाम घरोघर माहीत आहेत. आणि ज्या घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे, त्या घरी त्या खात्याची धास्ती काय असते, हेही माहीत आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा ज्या अमेरिकन निकालांचा परामर्श घेतला त्यांत व्हेलन विरुद्ध रो आहे. इस्पितळाकडे दिलेली माहिती परवानगीवाचून दुसऱ्याच्या हाती देणे हा खासगीपणाचा भंग होय. पण मलेरिया वा डेंगी यांसारख्या साथींच्या अभ्यासासाठी नावे वगळून त्या नोंदींचा उपयोग करण्यात राज्याचे हित रास्त आहे, असा भेद तेथे केलेला आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही केला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मात्र खात्याची किल्ली कायद्याच्या पुस्तकात नसते. काउंटरवर पहिला प्रश्न मोबाईल क्रमांकाचा असतो आणि आपण तो मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा सांगतो.

आई शेवटची काही वर्षे आमच्याकडे शहरात होती. तिची औषधे माझ्या क्रमांकावर घेतली जात. दुकानातला तरुण फार्मासिस्ट मन लावून काम करणारा. रक्तदाबाची गोळी बदलली तेव्हा जुनी बंद केली ना, हे त्यानेच दोनदा विचारले होते. ती गेल्यानंतर तीनेक आठवड्यांनी खोकल्याचे औषध घ्यायला गेलो. त्याने क्रमांक विचारला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, आईंच्या गोळ्या या महिन्यात नेल्या नाहीत. रात्रीच्यासुद्धा संपल्या असतील. देऊ ना?” मागे दोघेतिघे उभे होते. “नको,” मी म्हणालो, “आता नकोत.” त्याच्या लक्षात आले. दोन-तीन कळा दाबून पाहत तो हळूच म्हणाला, “ते नाव तेवढं काढता येत नाही, सर. नंबर तुमचाच आहे ना.”